मेडिकल स्क्राइबची नोकरी घ्यावी का? घेतलीत तर दीड वर्षाचा हिशेब आधी मांडा

जॉब पोर्टलवर ‘व्हर्च्युअल मेडिकल स्क्राइब’ असं शोधलं की ठरावीक मजकूर समोर येतो. बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस, बीपीटी, बी. फार्म. किंवा लाइफ सायन्सचे पदवीधर हवेत, फ्रेशर चालतील, अमेरिकन इंग्रजी ऐकून समजायला हवं, रात्रपाळी. इंटर्नशिप संपलेली, पीजीला नंबर लागलेला नाही, दवाखाना टाकायला भांडवल नाही, अशा मुलामुलींना ही जाहिरात बरोब्बर गाठते. माझं मत आधीच सांगतो: नोकरी घ्या, पण बारा ते अठरा महिन्यांची म्हणून घ्या, आणि बाहेर पडायचं दार कुठलं ते पहिल्याच महिन्यात ठरवा. पाच वर्षं स्क्राइबच राहायचा बेत असेल तर तो आजच सोडा.

कामाचं स्वरूप थोडक्यात असं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटशी बोलतो, तुम्ही इथे हेडफोन लावून ऐकता आणि ते बोलणं त्यांच्या ईएचआर, म्हणजे पेशंटच्या डिजिटल नोंदींच्या, सॉफ्टवेअरमध्ये नोटच्या रूपात उतरवता. पेशंटची तक्रार आणि तिचा इतिहास म्हणजे एचपीआय, मग विचारपूस, तपासणी, शेवटी निदान आणि पुढची योजना. लाइव्ह काम असेल तर पेशंट खोलीबाहेर पडेपर्यंत नोट जवळपास तयार हवी. काही ठिकाणी रेकॉर्डिंग येतं आणि काही तासांत नोट परत द्यायची असते. हे काम जरा सुसह्य, पण शिकायला कमी मिळतं, कारण डॉक्टरशी चॅटवर बोलणं होत नाही. सही नेहमी डॉक्टरची. मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याला, स्क्राइबची सही लागत नाही, नोटची जबाबदारी पूर्णपणे डॉक्टरवर असते. म्हणूनच चूक झाली की तो चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

ही नोकरी निर्माण झाली ती कायद्याच्या पोटातून. इमर्जन्सी विभागांत स्क्राइब त्याआधीही होते, पण 2009 च्या हायटेक कायद्याने अमेरिकन डॉक्टरांना कागद सोडून ईएचआर वापरण्यासाठी पैसे देऊ केले, न वापरणाऱ्यांच्या मेडिकेअर बिलात पुढे कपात ठेवली, आणि पाच-सात वर्षांत डॉक्टर कीबोर्डला जुंपले गेले. 2016 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या पाहणीत पेशंटसोबतच्या दर एका तासामागे जवळपास दोन तास ईएचआर आणि टेबलावरच्या कामात जातात असं दिसलं. मग डॉक्टरच्या मागे लॅपटॉप घेऊन फिरणारी मुलं आली. तिथे ही मुलं बहुतेक प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जायची तयारी करणारी, असतात. मेडिकल कॉलेजच्या अर्जावर क्लिनिकल तास दाखवायचे म्हणून कमी पगारात वर्षभर राबतात आणि निघून जातात. दर वर्षी नवी मुलं शिकवण्यापेक्षा भारतात किंवा बांगलादेशात माणूस बसवणं स्वस्त पडतं, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. आपला संबंध इथून सुरू होतो.

रात्रपाळी म्हणजे नेमकी कुठली रात्र, हे ऑफर घेण्याआधी विचारा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथली सकाळी 8 ते संध्याकाळी 5 ही ओपीडी आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते रात्री अडीच, आणि नोव्हेंबरपासून साडेसहा ते साडेतीन. कॅलिफोर्नियाची तीच ओपीडी रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेनऊ ते सकाळी साडेसहा. ईस्ट कोस्टच्या पाळीत निदान पहाटेची झोप मिळते. वेस्ट कोस्टवर सहा महिने काढले की झोपेचा पार बोऱ्या वाजतो, आणि सीपीसीचा, म्हणजे मेडिकल कोडिंगच्या (निदान-उपचारांना बिलाचे कोड लावण्याच्या) परीक्षेचा, अभ्यास जो करायचा असतो तो बाजूलाच राहतो. मुलींसाठी एक गोष्ट: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते, आणि सुरक्षितता व घरापर्यंतच्या वाहतुकीची जबाबदारी मालकावर येते. ‘कॅब मार्चपासून सुरू होईल’ असल्या तोंडी वायद्यावर जाऊ नका.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. खोलीतलं संभाषण ऐकून आपोआप नोट लिहिणारी अँबियंट सॉफ्टवेअर आली आहेत. मायक्रोसॉफ्टने नुआन्स ही कंपनी 19.7 अब्ज डॉलरला घेतली, तो व्यवहार 2022 मध्ये पुरा झाला, आणि तिचं डॅक्स हे असंच सॉफ्टवेअर आज ड्रॅगन कोपायलट या नावाने विकलं जातं. अ‍ॅब्रिज आहे, सुकी आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये तर खुद्द एपिकने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ईएचआर कंपनीने, स्वतःचं एआय चार्टिंग येत असल्याचं जाहीर केलं. उत्तर कॅलिफोर्नियात परमनंटे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या मोठ्या गटाने ऑक्टोबर 2023 मध्ये असं सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हा दहा आठवड्यांत 3,442 डॉक्टरांनी 3 लाखांहून जास्त भेटींसाठी ते वापरलं. एवढ्या वेगाने माणसं भरती करून शिकवता येत नाहीत. शिवाय सॉफ्टवेअरचं भाडं महिन्यावर, माणसाचा मोबदला तासावर. ऑगमेडिक्स या कंपनीचीच वाटचाल पाहा. 2012 मध्ये गुगल ग्लास आणि दूर बसलेले माणूस स्क्राइब यांच्या जोरावर ती उभी राहिली, मग हळूहळू एआयकडे वळली आणि 2024 मध्ये कॉम्युअर या कंपनीने ती विकत घेतली.

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं टाइप करून देण्याचे, दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे नवीन नाही. 65 अक्षरांची एक ओळ मोजून पैसे मिळायचे. मग आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर आलं, कच्चा मसुदा मशीन करू लागलं, माणूस ‘एडिटर’ झाला आणि ओळीचा दर खाली आला. टिकले ते दोन प्रकारचे लोक: ज्यांनी वेळेत कोडिंग धरलं ते, आणि ज्यांची नजर इतकी बारीक होती की क्वालिटीत, म्हणजे इतरांचं काम तपासण्याच्या विभागात, बढती मिळाली ते. स्क्राइबिंगमध्ये तेच चाललंय, फक्त वेग जास्त आहे.

मग माणसाला काम उरतं कुठे? मशीनच्या चुका पकडण्यात. या चुका विसराळूपणाच्या नसतात, म्हणून वाचताना खटकत नाहीत. नोट नीटनेटकी, व्याकरणशुद्ध आणि चुकीची असते. डॉक्टर म्हणतो, ‘याने आराम पडला नाही तर एमआरआय करू.’ नोटमध्ये येतं, एमआरआय सांगितला. पेशंट म्हणतो, आईला मधुमेह होता. नोटमध्ये मधुमेह पेशंटलाच चिकटतो. छातीत दुखतं का हे कुणी विचारलेलंच नसतं, तरी ‘छातीत दुखत नाही’ असं वाक्य येतं, कारण तशा नोटांत ते नेहमी असतं. डॉक्टरने मुकाट्याने पोट तपासलं तर मशीनला काहीच ऐकू येत नाही. मग ती तपासणी एक तर गाळली जाते, नाही तर टेम्प्लेटमधून ‘मऊ, दुखरं नाही’ असं येऊन बसतं. खोलीत नवरा, मुलगी आणि दुभाष्या असले की कोण काय म्हणालं याचा गोंधळ ठरलेला.

माणसांच्या चुका वेगळ्या, जुन्या ओळखीच्या. डावा-उजवा गुडघा. पंधरा आणि पन्नास. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं आणि हायड्रॉक्सिझिन खाजेचं. सेलेब्रेक्स दुखण्यावर, सेलेक्सा नैराश्यावर. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट की सक्सिनेट, कारण एक दिवसातून दोनदा आणि दुसरं एकदा. मागच्या भेटीची नोट पुढे ओढून त्यात ‘आज टाके काढले’ हे वाक्य तीन महिने तसंच राहणं, ही तर रोजची गोष्ट. आकडे लिहिताना 5.0 नको, 5 लिहा; .5 नको, 0.5 लिहा, ‘युनिट’ पूर्ण लिहा, नुसता यू नको, तो शून्यासारखा दिसतो. जॉइंट कमिशन या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेची ही यादी 2004 पासूनची आहे आणि मुलाखतीत अजूनही विचारतात.

टिकायचं असेल तर पैशाचं गणित समजून घ्या. ते बहुतेक ट्रेनिंगमध्ये नीट शिकवत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो. 1 जानेवारी 2021 पासून अमेरिकेत ओपीडी भेटीचं बिल किती लांब विचारपूस केली यावर ठरत नाही. ते ठरतं डॉक्टरने किती गुंतागुंतीचा निर्णय घेतला यावर, म्हणजे एमडीएमवर, किंवा त्या दिवशी एकूण किती वेळ दिला यावर. एमडीएमचे तीन भाग: आजार कोणते, माहिती किती पाहिली, आणि उपचारात धोका किती. तीनपैकी दोन भाग ज्या पातळीला पोचतात ती बिलाची पातळी.

समजा, जुना रक्तदाबाचा पेशंट. आजचं बीपी 152/94. डॉक्टर घाईत म्हणतो, ‘सेम अ‍ॅज बिफोर’, गोळीचा डोस वाढवतो आणि एक रक्ततपासणी लिहितो. स्क्राइबने लिहिलं, ‘रक्तदाब, स्थिर’. झालं: एक स्थिर जुना आजार म्हणजे पातळी कमी. औषधाचा निर्णय मध्यम धोक्यात मोडतो, पण एकाच तपासणीने माहितीचा भाग वर जात नाही. म्हणून बिल 99213 या खालच्या कोडचं. पण नियमातली ‘स्थिर’ची व्याख्या रोजच्या बोलण्यातली नाही. उपचाराचं लक्ष्य गाठलेलं नसेल तर आकडा वर्षभर हलला नाही तरी तो आजार स्थिर धरत नाहीत. डॉक्टरचं लक्ष्य 130/80 असेल आणि नोटमध्ये ‘लक्ष्य गाठलेलं नाही, डोस वाढवला’ असं असेल, तर आजारही मध्यम, धोकाही मध्यम, बिल 99214, म्हणजे एक पातळी वरचं. पेशंट तोच, काम तेच, फरक फक्त एका शब्दाचा.

पण तो शब्द तुम्ही स्वतःहून घालायचा नाही. डॉक्टरला चॅटवर एका ओळीत विचारायचं: ‘बीपी लक्ष्याच्या वर आहे असं नोंदवू का?’ त्याने हो म्हटलं तरच. बिल फुगवण्यासाठी घातलेला शब्द तिथे फसवणुकीच्या खटल्यापर्यंत जाऊ शकतो. हा प्रश्न योग्य वेळी, योग्य शब्दांत विचारणारा स्क्राइब डॉक्टर सोडत नाही, सॉफ्टवेअर आलं तरी. भेटीआधी जुने रिपोर्ट लावून ठेवणं, ऑर्डर मसुद्यात टाकून सहीसाठी ठेवणं, इनबॉक्समधले निरोप वर्गवारी करून देणं, ही कामंही अशाच माणसाकडे सरकत जातात. पदाचं नाव मग बदलतं, व्हर्च्युअल असिस्टंट किंवा क्लिनिकल डॉक्युमेंटेशन असं काहीतरी होतं. नावाला फसू नका, कामाचं वर्णन वाचा.

तयारीचं म्हणाल तर टायपिंग मिनिटाला 50 ते 60 शब्द पुरे. त्यापुढे वेगापेक्षा कान महत्त्वाचा. आपल्या पदवीधरांना पहिला महिना अडवतात ती नावं. आपलं पॅरासिटामॉल तिथे असेटामिनोफेन, आणि पेशंट म्हणणार टायलेनॉल. सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. ताप फॅरेनहाइटमध्ये, वजन पौंडात, तारखेत महिना आधी. नेहमीच्या 200 औषधांची यादी घ्या आणि रोज 20 प्रमाणे दहा दिवसांत संपवा: जेनेरिक नाव, ब्रँड, कशासाठी, नेहमीचा डोस. मग यूट्यूबवर मेडिकल विद्यार्थ्यांसाठीचे नकली तपासणीचे व्हिडिओ मिळतात, त्यातला दहा-पंधरा मिनिटांचा एक लावा. मध्ये थांबवायचा नाही, मागे न्यायचा नाही. व्हिडिओ संपल्यावर पाच मिनिटांत नोट पुरी. मग पुन्हा ऐकून काय सुटलं, आणि न बोललेलं काय लिहिलं, ते लाल रंगाने काढा. दुसरी यादी पहिलीपेक्षा गंभीर. असे तीस व्हिडिओ झाले की निवड चाचणीत घाम फुटत नाही.

बाहेर पडण्याची दारं. सर्वांत रुंद मेडिकल कोडिंगचं. एएपीसी या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा 100 प्रश्नांची, 4 तासांची, 70 टक्क्यांना पास, कोडची पुस्तकं जवळ ठेवून द्यायची. अनुभव नसेल तर नावापुढे ‘अ‍ॅप्रेंटिस’चा ए लागतो आणि मुलाखतीत तो दिसतो. स्क्राइब म्हणून रोज वीस नोटा लिहिणाऱ्याला एमडीएम वेगळं शिकावं लागत नाही, ही त्याची खरी कमाई. त्यातही मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजचं, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअरचं, रिस्क अ‍ॅडजस्टमेंट पाहा; त्यात पेशंटच्या आजारांवरून कंपनीला पैसे ठरतात: पेशंटचा प्रत्येक जुना आजार दर कॅलेंडर वर्षी पुन्हा नोंदलेला आणि त्यावर काय केलं ते लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर विमा कंपनीला त्याचे पैसे मिळत नाहीत. एकच खबरदारी, साध्या कोडिंगमध्येही ऑटोमेशन शिरलंय. एक्स-रेचे एकसारखे कोड भरण्याऐवजी ऑडिट, नाकारलेले क्लेम आणि सर्जरीचं कोडिंग, म्हणजे जिथे वाद घालावा लागतो, तिकडे वळा.

एक गैरसमजही काढून टाकतो. ही व्हिसाची शिडी नाही. यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, देणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात घ्यावं: घरबसल्या केलेलं स्क्राइबिंग रेसिडेन्सीच्या (तिथल्या पीजी प्रशिक्षणाच्या) अर्जात हाताने केलेल्या क्लिनिकल अनुभवात धरलं जात नाही. इंग्रजी आणि तिथली पद्धत कळते, एवढाच त्याचा उपयोग.

इथल्या हॉस्पिटलांत ‘स्क्राइब’ नावाची पदं फारशी नाहीत, ते काम आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, गळ्यात असतं. पण डिस्चार्ज समरीकडे लक्ष ठेवा. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, परिपत्रकानुसार हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती आल्यापासून विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. मग उशीर कुठे होतो? समरी अर्धवट असते, निदान आणि बिल जुळत नाही, औषधांची यादी आदल्या दिवशीची असते. बिनचूक समरी दुपारी बाराच्या आत हातात देणारा माणूस टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलच्या विमा क्लेमच्या खिडकीला, सोन्याहून पिवळा.

आणि भारतीय भाषांत ऐकणारी अँबियंट सॉफ्टवेअर येऊ लागली आहेत, तिथे मराठी कानाला काम आहे. ‘पित्त झालं’ म्हणजे आम्लपित्त, की डोकं दुखून उलटी, की ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांधी? ‘चक्कर’ म्हणजे खोली फिरली, की डोळ्यांपुढे अंधारी आली? साठीचे आजोबा ‘छातीत गॅस धरलाय’ म्हणतात तेव्हा नोटमध्ये नुसतं ‘गॅसेस’ गेलं, तर ईसीजी राहून जाऊ शकतो. असे शब्द तपासून दुरुस्त करणारी कामं क्वालिटी किंवा अ‍ॅनोटेशनच्या (मजकुराला खुणा-अर्थ जोडण्याच्या) नावाने येतात. शोधताना ते शब्द वापरा.

शेवटी ऑफर लेटर. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारी किंवा ट्रेनिंगची अनामत मागणारी जागा सोडून द्या. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि ट्रेनिंगमध्येच नापास झालात तर तो लागू होतो का, ते लेखी घ्या. हातात येणारा पगार आणि रात्रीचा भत्ता वेगळे लिहून मागा. घरून काम असेल तर दार लावता येईल अशी खोली, इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट लागतं. टेबलावर कागद-पेन आणि मोबाइल चालत नाही, कारण पेशंटच्या माहितीला अमेरिकेचा हिपा कायदा लागू असतो आणि स्क्रीनचा एक फोटो नोकरी घालवायला पुरतो. क्लायंट कुठल्या राज्यात आहे हेही विचारा. काही राज्यांच्या मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, करारांत ही माहिती देशाबाहेर पाठवायला मनाई आहे, आणि करार बदलला की अख्खी टीम एका आठवड्यात बेंचवर, म्हणजे कामाविना, येते.

मुलाखतीत ‘काही विचारायचंय?’ असं म्हणाले की हा प्रश्न टाका: ‘तुमच्या डॉक्टरांपैकी कितीजण अँबियंट सॉफ्टवेअर वापरतात, आणि ते सुरू झाल्यावर तिथल्या स्क्राइबना कोणतं काम दिलंत?’ ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ हे उत्तर आलं तर बाँड जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असेल तरच सही करा. ‘क्वालिटीत घेतलं’ असं म्हणाले तर किती जणांना, हे लगेच विचारा. आकडा सांगताना समोरचा अडखळला, तर उत्तर मिळालंच.